हळद लावलेल्या बोटाचं रक्त

मला राग चटकन येतो आणि लाज त्याहून चटकन. रागाचं एक बरं असतं. दोन भांडी आपटली, समोरच्याला चार शब्द सुनावले की मी मोकळी. लाज मात्र आत जाऊन ठाण मांडते. रक्ताची ती गोष्ट निघाली की अजूनही माझे कान तापतात, आणि आमच्याकडे ती गोष्ट कोण ना कोण काढतंच.

दोन हजार सोळाच्या थंडीतली गोष्ट. मी डहाणूला बारावीत होते, मुलींच्या वसतिगृहात राहायचे. घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यावर. भात आणि नाचणीची थोडी शेती, बाकी मजुरी. शाळा लांब होती आणि मला रोज उशीर व्हायचा, म्हणून रोज पळत जायचे. धावणं मी कुणाकडून शिकले असेन तर त्या उशिराकडून. कॉलेजात खेळाच्या सरांनी मला पहिल्यांदा पळताना पाहिलं तेव्हा मी कॅन्टीनमधून पळत होते, वर्गातल्या एका मुलाच्या पाठीमागे, हातात चप्पल घेऊन. सर म्हणाले, चप्पल खाली ठेव आणि मैदानाला चार फेऱ्या मार. त्या दिवसापासून मी तीन हजार मीटर पळायला लागले.

त्या वर्षी राज्याच्या सराव शिबिरासाठी आमच्याकडून एकच मुलगी जाणार होती. शिबिर म्हणजे राहणं-खाणं फुकट, नवे बूट, खरा ट्रॅक, आणि तिथून पुढे पोलीस भरतीत खेळाडू म्हणून नंबर लागायची आशा. आमच्या पाड्यावरची एकही मुलगी तोवर पोलिसात गेली नव्हती. जागा एक आणि मुली दोन. मी, आणि धाकटी डहाणू या गावची एक, मासेमारी करणाऱ्या घरातली. एक दिवस ती पुढे, एक दिवस मी. सर वैतागून म्हणायचे की तुमच्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं.

अशात मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातून एक मॅडम आल्या. त्यांचं संशोधन चाललं होतं. शरीरावर आणि मनावर ताण आला की रक्तात एक रस वाढतो, कॉर्टिसोल त्याचं नाव. खेळाडूंच्या रक्तात तो कधी आणि किती वाढतो ते त्यांना उजेड टाकून मोजायचं होतं. त्यांनी आम्हाला सगळं नीट समजावलं. थेंबभर रक्त काढायचं, मशीनमध्ये गरागरा फिरवून त्यातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, त्यावर दोन-तीन औषधं आणि शेवटी जहाल ॲसिड घालायचं, मग अंधाऱ्या पेटीत ठेवून त्यावर निळा उजेड सोडायचा. रस असेल तर पाणी हिरवं चमकतं. जितकी चमक जास्त, तितका ताण जास्त. त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पडदे लावून आम्हाला एक नमुना दाखवला होता. काजवा नळीत कोंडल्यासारखा दिसत होता. मला तेव्हा फार भारी वाटलं की आपल्या आतही असलं काही पेटतं.

सरांना मात्र त्यात वेगळंच काही दिसलं. नाणं उडवायची गरज संपली, असं त्यांना वाटलं.

आम्ही अठराच्या आतल्या, म्हणून घरच्यांची सही लागणार होती. निरोप गेला आणि आई रविवारी पहिल्या गाडीने आली. पाड्यावर लोकांनी तिला घाबरवून सोडलं होतं. पोरीचं रक्त काढतात आणि मुंबईला नेऊन विकतात, असं काहीबाही. आई कुणाशी वाद घालत बसली नाही. तिने फक्त एक विचार केला. रक्त काढणार म्हणजे जखम होणार, आणि जखम होणार म्हणजे हळद लागणार. पदराच्या गाठीत कागदाच्या पुडीत हळद बांधून ती डहाणूला आली. घरच्या हळकुंडांची, स्वतः कुटलेली. पोळलं, कापलं, काटा रुतला, विळा लागला, आमच्याकडे आधी हळद आणि मग बाकीची चौकशी.

चिखल्याला समुद्राकाठी सुरूच्या झाडांखाली मॅडमनी टेबल मांडलं होतं. शेजारी बर्फाचा डबा. ओहोटीला तिथली वाळू घट्ट होते, आमचा सराव नेहमी तिथेच चालायचा. रक्त तीनदा द्यायचं होतं. उजाडल्यावर एकदा, पळायच्या अगदी आधी एकदा, आणि पळून आल्यावर एकदा. बोटाला सुई टोचायची, थेंब पिळायचे, आणि ते बारीक काचेच्या नळीत ओढून घ्यायचे.

पहिली सुई टोचून झाली. मॅडमनी कापूस दिला. आईने त्या कापसाकडे असं काही बघितलं, जणू म्हणत होती, याने आतापर्यंत कुणाचं भलं केलंय! मला झाडामागे नेऊन तिने पुडी सोडली आणि हळद बोटात चांगली दाबली. मग विचारलं, अजून किती बोटं टोचणार? मी म्हटलं, दोन. कुठली, ते तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही. म्हणून तिने डाव्या हाताच्या पाचही बोटांच्या टोकांना आधीच हळद चोळून ठेवली. जखम व्हायच्या आधीच औषध. बाकीच्या मुली बघतील म्हणून मी मूठ मिटून बसले. थोड्या वेळाने मूठ चड्डीला पुसली. पण घरची हळद अशी पुसून जाते होय?

दुसऱ्या वेळी मॅडमनी शेजारचं बोट धरलं, स्पिरिटने पुसलं, टोचलं. तिसऱ्या वेळी त्याच्या शेजारचं. मुली पुष्कळ होत्या, ऊन वर येत होतं, बर्फ वितळत होता. त्या घाईत होत्या. मी त्या दिवशी पहिली आले, धाकट्या डहाणूवाली माझ्या पाठोपाठ. आईने सुरूच्या झाडाखालून पाहिलं आणि तिथल्याच एका बाईला सांगितलं की ती पुढची माझी. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती, ती आम्ही सगळ्यांनी वाळूवर बसून खाल्ली. आईला मी इतकी खूश फार कमी वेळा पाहिली आहे.

पंधरवड्याने निकाल आला. मॅडमनी तो सरांना देताना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. त्यांनी 'कदाचित' आणि 'पुन्हा तपासावं लागेल' असं म्हटलं होतं. सरांनी ते दोन्ही वाटेतच टाकून दिलं आणि उरलेलं आमच्यापर्यंत आणलं.

मैदानावर सगळ्या मुली गोल करून बसलेल्या. सरांनी कागद वर धरला. प्रत्येकीच्या नावाची एक रेष होती. बाकीच्यांच्या रेषा पळण्याआधी थोड्या चढलेल्या, पळल्यावर जराशा अजून. माझी रेष उजाडल्यावर खाली होती, पळायच्या आधी एकदम वर, आणि पळल्यावर आमच्याकडच्या महालक्ष्मीच्या डोंगराच्या सुळक्यासारखी उभी. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाईट नव्हते, हे मी आज म्हणू शकते. त्या दिवशी त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

"पाय चांगले आहेत हिचे," सर म्हणाले, "पण रक्तच भित्रं आहे. शर्यत जवळ आली की हिच्या आत भीती पेटते. मशीन खोटं बोलत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चोरी पकडली असती तर मी भांडले असते. आळशी म्हटलं असतं तर दुप्पट पळून दाखवलं असतं. पण रक्त भित्रं आहे म्हटल्यावर माणसाने करायचं काय? रक्त माझं, आणि माझ्याविरुद्ध साक्ष त्याचीच. मी खाली गवताकडे बघत बसले. आपण घाबरलो नव्हतो हे मला माहीत होतं. म्हणजे त्या दुपारपर्यंत तरी माहीत होतं.

असल्या बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. वसतिगृहात मुली मला भेकरू, म्हणजे पाचोळा वाजला तरी पळणारं रानातलं हरीण, म्हणायला लागल्या. सुट्टीला घरी गेले तर तलासरीच्या नाक्यावर भजीवाल्याने विचारलं, काय गं, बीकण? हा गुजराती शब्द, भित्र्यासाठी, आमच्याकडे सगळ्यांना कळतो. त्याला मी काय सुनावलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण गाडीत बसल्यावर रडले, आणि रडताना मनात आलं, बघ, भित्रीच आहेस. आईला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली की रक्त भित्रं कसं असेल, ते तर आमचंच आहे. आणि भात निवडत राहिली.

सरांनी सगळ्या मुलींची एक शेवटची चाचणी ठेवली. जी जिंकेल ती शिबिराला जाईल. म्हणजे कागद पाहूनही त्यांनी मला संधी दिली होती, हे मान्य करायला हवं. मी मात्र ती शर्यत आदल्या संध्याकाळपासूनच हरत आले होते. जेवण गेलं नाही. सकाळी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिले तर छाती धडधडायला लागली. ती पूर्वीही धडधडायची, सगळ्यांचीच धडधडते, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, पेटलं, हिरवं पेटलं, आता सगळ्यांना दिसतंय. अर्ध्या वाटेवर पाय शिशासारखे झाले. ती पुढे गेली आणि मी तिच्या वेणीकडे बघत पळत राहिले. शेवटी माझ्या मागे असलेल्या आणखी एकीने मला गाठलं.

सरांनी नुसती मान हलवली, कागद बरोबरच होता अशी. धाकट्या डहाणूवाली माझ्याजवळ आली, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली की चिखल्याला तू घाबरली नव्हतीस, मी शेजारी उभी होते. मी तिच्या हातातली बाटली घेतली आणि तिच्याकडे पाठ केली. आठवड्याभरात ती नवे बूट घालून शिबिराला गेली.

मॅडम परत आल्या तेव्हा उन्हाळा लागत होता. घोलवडच्या वाड्यांमधून चिकूचे ट्रक भरून निघत होते आणि आमची परीक्षा तोंडावर होती. त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. चेहऱ्यावर झोप नव्हती. त्यांनी मला दोन रेषा दाखवल्या. ताणाचा रस ज्या हिरव्या रंगावर चमकतो तिथे माझी रेष होतीच, पण तिचा उंचवटा थोडा सरकलेला होता, पिवळ्याकडे. दुसऱ्या कुणाचाच असा नव्हता. आधी त्यांना वाटलं मशीन बिघडलं. मग वाटलं काही औषध असेल. काविळीचं काही, गावठी काही? त्या खोदून खोदून विचारत होत्या. मी नाही, नाही म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, बोटाला काही लावलं होतंस?

बोटाला काय लावलं होतं ते मला लख्ख आठवत होतं. पण ते बोलायचं म्हणजे आईचं नाव घ्यायचं. शेवटी मी डावा हात पुढे केला आणि म्हटलं, हळद.

मॅडम खुर्चीत बसल्या. कॅन्टीनवाल्याकडून चमचाभर हळद मागवून त्यांनी स्वतःच्या बोटांना चोळली, कपड्याला पुसली, स्पिरिट लावलं, टोचलं. पडदे लावून दुपारभर त्यांचं ते काम चाललं. स्पिरिटने हळद निघत नाही, उलट विरघळते आणि रक्ताच्या थेंबात उतरते, असं त्या म्हणाल्या. आणि निळ्या उजेडात हळदीइतकं चमकणारं घरात दुसरं काही नसेल. संध्याकाळी त्यांची रेष निघाली. माझ्याच रेषेची बहीण.

"तुझ्या रक्तात काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि कापूस पिवळा झालेला मी पाहिला होता. मला वाटलं, आयोडीन असेल. मी विचारायला हवं होतं."

त्या माझ्यासमोर रडल्या. मोठी शिकलेली बाई आपल्यासमोर रडते तेव्हा काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. राग यायला हवा होता, एरवी क्षुल्लक गोष्टीला येतो. आला नाही. मनात एकच चालू होतं की मग त्या शेवटच्या शर्यतीत जे झालं ते काय होतं? तिथे तर हळद नव्हती. चिखल्याला मी घाबरले नव्हते आणि कागदावर घाबरले. मग कागद वाचून खरोखर घाबरले. मॅडमनी पहिला दोष पुसला. दुसरा कोणत्या स्पिरिटने पुसायचा?

मॅडमनी सरांना सगळं सांगितलं, शिबिरवाल्यांनाही पत्र लिहिलं. पण तिथे जागा भरलेली होती, आणि ती भरली होती शर्यत जिंकणारीने. त्यात चूक काय होती?

सरांना वाईट वाटलं असावं. पण काही माणसांना वाईट वाटलं की विनोद सुचतो. कॉलेजच्या बक्षीस समारंभाला पालक आले होते. मला दुसऱ्या कुठल्याशा शर्यतीचं पदक होतं, म्हणून आईही आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, मागच्या रांगेत. सरांनी माइकवर माझा किस्सा रंगवून सांगितला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून सुरुवात केली. आईने लेकीच्या बोटाला हळद लावली आणि मुंबईच्या मशीनने लेकीला भित्री ठरवलं. हळद लग्नात लावतात, हिने शर्यतीत लावली! मंडप हसला. मी स्टेजवर पदक गळ्यात घालून उभी, कुठे बघावं कळेना. आई हसत होती. पदर तोंडाला लावून, बाकीचे हसतात म्हणून. मग बाकीचे थांबले आणि तिचा पदर तोंडावर तसाच राहिला.

तोवर तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. कासा गाव मागे पडल्यावर बाहेर बघतच म्हणाली, "माझ्यामुलं गेला का गं तुझा शिबिर?"

मी नाही म्हटलं. तुझ्यामुळे नाही, मी शेवटची शर्यत हरले म्हणून गेलं. खरं तेच होतं, पण मी ते असं पुटपुटले की ऐकणाऱ्याला ते सांत्वन वाटावं. तिला तेच वाटलं. तिने माझा डावा हात मांडीवर घेतला, बोटं एकेक करून पाहिली, आणि सोडून दिला.

पुढे मी पोलिसात गेले नाही. एका आश्रमशाळेत मुलींना खेळ शिकवायला लागले, आणि ते काम मला आवडतं. शर्यतीच्या आधी एखादीची छाती धडधडली तर मी सांगते, धडधडू दे, तिला सवय आहे.

मधल्या काळात आमच्याकडे जमीन हलायला लागली. दोन हजार अठराच्या शेवटी सुरू झालं आणि एकोणिसाला तर रोजचंच होऊन बसलं. डहाणू-तलासरीच्या सगळ्या पाड्यांवर लोक घराबाहेर ताडपत्र्या बांधून राहायचे. एका रविवारी दुपारी मी घरी होते, आई चुलीशी. खालून गडगडलं, भिंतीवरची ताटं वाजली, आणि मी सगळ्यांच्या आधी बाहेर. अशी पळाले की अंगणातल्या दगडावर आपटले आणि गुडघा फुटला. धक्का थांबला. शेजारचे हसले, मीही हसले. चुलतभाऊ म्हणाला, भेकरू पहिली बाहेर! नाव अजून जिवंत होतं.

आई दिसेना. मी हाका मारायला लागले. ती घरातून बाहेर आली, सगळ्यांच्या शेवटी, हातात हळदीचा डबा. भिंतीतून माती गळत असताना ती तो शोधत होती.

माझ्यासमोर ती उकिडवी बसली, गुडघा पाण्याने धुतला, झाकण उघडलं. चिमूट घेतली. आणि तिचा हात तिथेच थांबला. जखमेच्या वर, वीतभर अंतरावर. लहानपणापासून कधी तिने मला विचारून हळद लावली नव्हती. मी ओरडले तरी धरून लावायची, वर एक धपाटा द्यायची.

"लावू का?" तिने विचारलं. "रक्त कुठं द्यायचा नाय ना?"

मी तिचं मनगट धरलं आणि तिची बोटं जखमेवर दाबली. खूप झोंबलं. तिने लगेच हात मागे घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, चुकलं तर नाही ना, अशी. आजही माझ्या घरी कुणाला काही लागलं, तर ती डबा घेऊन येते आणि आधी विचारते.